घाटाखालची लढाई, लाहोरची पत्रं

बुलढाण्याहून मलकापूरकडे निघालं की राजूरचा घाट उतरावा लागतो. आमच्या जिल्ह्याची बोलण्यातली वाटणी या डोंगराच्या कडेवरच होते. माणूस घाटावरचा असतो, नाहीतर घाटाखालचा. सोयरीक जुळवताना, पिकाचा अंदाज बांधताना, पाऊस कुठवर आला हे विचारताना आधी ही वाटणी येते. घाटाखाली, मोताळा तालुक्यात, डोंगराच्या अगदी पायथ्याला रोहिणखेड आहे. तिथं एक लहानशी पण देखणी मशीद आहे. खुदावंत खान महदवी याने ती १५८२ मध्ये बांधली. ती बांधून दहा वर्षं व्हायच्या आतच, १५९१ च्या उन्हाळ्यात, या परिसरात दख्खनच्या इतिहासातली एक मोठी लढाई झाली. तिचं नाव शाळेच्या पुस्तकात नाही, गावाबाहेर फारसं कुणाला ठाऊकही नाही. ती लढाई, तिच्या आधीची पाच वर्षं आणि नंतरची दहा वर्षं हा या पुस्तकाचा विषय आहे. लढाई त्यात एका दिवसाची आहे. बाकी सगळा काळ पत्रांचा, वकिलांचा, हेरांचा आणि अर्धवट खऱ्या बातम्यांचा आहे.

जागेपासूनच सुरुवात करू. तापी-पूर्णेच्या खोऱ्यातून दख्खनच्या पठारावर फौज चढवायची तर अजिंठ्याच्या डोंगररांगेतले मोजकेच घाट हाताशी असतात. रोहिणखेडचा घाट त्यांपैकी एक. बऱ्हाणपूरचा सुलतान दक्षिणेकडे निघाला किंवा अहमदनगरची फौज खानदेशावर उतरली, की गाठ इथं पडायची. १४३७ मध्येही ती पडली होती. वऱ्हाडात घुसलेल्या नासिर खान फारुकीला बहमनी सरदार खलफ हसन मलिक-उत-तुज्जारने याच ठिकाणी मोडलं, आणि थेट बऱ्हाणपूरपर्यंत पाठलाग करून ते शहर लुटलं. दीडशे वर्षांनी गावकऱ्यांच्या नशिबी पुन्हा तेच आलं, फक्त या वेळी लढणारे जास्त होते आणि लढवणारे फार लांब बसले होते.

१५९१ पर्यंत वऱ्हाडाला स्वतःचा राजा उरला नव्हता. एलिचपूरची इमादशाही १५७४ मध्ये अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने संपवली होती. त्यामुळे रोहिणखेडला जे भांडण तुटलं त्यात वऱ्हाडाचं म्हणून काहीच पणाला नव्हतं. एक बाप आपल्याच पोराच्या हातून तख्त परत घ्यायला आला होता. त्याच्या पाठीशी खानदेशचा सुलतान होता, विजापूरचा दरबार होता आणि या सगळ्यांच्या मागं लाहोरला बसलेला अकबर. पोराच्या नावानं लढणारा वजीर अहमदनगरचा. परक्यांची लढाई आणि शेतं मात्र आपली, असा हा मामला.

हा बाप म्हणजे बुऱ्हाण, मुर्तजा निजामशहाचा भाऊ. मुर्तजाला एकांताचं वेड होतं, कारभार दुसऱ्यांच्या हाती गेला होता. बुऱ्हाण वेषांतर करून राजधानीत शिरला, भावाला उतरवण्याचा कट केला, कट फुटला आणि तो पळून अकबराच्या आश्रयाला गेला. पुढं अहमदनगरला जे घडलं ते इतक्या भराभर घडलं, की दूरच्या दरबारात एक बातमी पोचेपर्यंत दुसरी शिळी होत असे. १५८८ मध्ये मुर्तजाला त्याच्या मुलाने, मीरान हुसेनने, मारलं. वर्षाच्या आत हुसेनही मारला गेला. गादीवर बसवला गेला तो बुऱ्हाणचाच कोवळा मुलगा इस्माईल, आणि सत्ता गेली जमाल खानाकडे. जमाल खान महदवी पंथाचा. जौनपूरचे सय्यद मुहम्मद हेच येणार असलेले महदी, असं हा पंथ मानत असे. जमाल खानाने या पंथाला राज्याचा पंथ केलं आणि दूरदूरचे महदवी अहमदनगरला येऊ लागले. लढाई झाली ते हिजरी साल ९९९. हजारावं वर्ष उंबरठ्यावर असताना महदी, कयामत आणि नव्या युगाच्या वार्ता बाजारात किती वेगाने फिरत असतील याची कल्पना वाचकानेच करावी. राजकारणातली बातमी आणि श्रद्धेतली वदंता यांची सरमिसळ या काळाइतकी क्वचितच कुठे सापडते.

अकबराने हे सगळं नुसतं बघत बसण्याचं ठरवलं नव्हतं. पण त्याचे हात एकदा पोळले होते. १५८६ मध्ये त्याचा दूधभाऊ खान-ए-आझम अजीज कोका माळव्यातून वऱ्हाडात घुसला. आधी बोलणी करून बघावी म्हणून मीर फतहुल्ला शिराझी याला खानदेशचा सुलतान राजे अली खान याच्याकडे पाठवलं होतं. अकबराचं इलाही पंचांग ज्याने बसवलं तोच हा विद्वान. पूर्वी विजापूरच्या दरबारात राहिलेला, दख्खन आतून माहीत असलेला. यापेक्षा योग्य वकील मिळणं अवघड होतं, तरी बोलणी फिसकटली. राजे अली खान निजामशाही फौजेला जाऊन मिळाला. कोकाने एलिचपूर लुटलं आणि मागे फौज लागताच नंदुरबारवरून गुजरात गाठली. मोगल फौज दिसली की एरवी एकमेकांचे गळे धरणारे दख्खनी एक होतात, हे त्या स्वारीतून सगळ्यांनाच कळलं.

सगळ्यांत नीट कळलं ते बुऱ्हाणला. अकबराने त्याला फौज देऊ केली तेव्हा त्याने ती नाकारली. मोगल फौज बरोबर असली तर दख्खनी सरदार बिथरतील, एकटा गेलो तर येऊन मिळतील, असा त्याचा हिशोब होता. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत अचूक राजकीय अंदाज हाच. अकबराने तो मान्य केला आणि राजे अली खानाला पत्र लिहिलं: याला मदत करा. पाच वर्षांपूर्वी ज्याने मोगलांविरुद्ध हत्यार उचललं, त्यालाच आता मोगलांचा उमेदवार तख्तावर बसवायला सांगितलं गेलं. आणि तो तयार झाला. खानदेशचं राज्य लहान, उत्तरेला मोगल, दक्षिणेला निजामशाही. दोन्हीकडे तोंड गोड ठेवणं ही राजे अली खानाची चैन नव्हती, गरज होती.

बुऱ्हाणचा पहिला प्रयत्न फसला. वऱ्हाडच्या सीमेवरच त्याला मार खाऊन परतावं लागलं. त्यानंतर मात्र तलवारीआधी कागद फिरले. फितुरीचा कागद म्हणजे नुसतं गोड पत्र नसे. तो कौल असे. तुझी जहागीर तुझ्याकडे राहील, मागचं मनात धरलं जाणार नाही, अमुक मान मिळेल, हे लिहून द्यायचं, वर शिक्का करायचा. असा कागद जवळ बाळगणारा सरदार दोन्ही बाजूंनी अडकतो. तो धन्याला दाखवता येत नाही आणि फाडूनही टाकवत नाही. वऱ्हाडातले निजामशाही सरदार जमाल खानावर खूश नव्हतेच. लढाईची वेळ आली तेव्हा त्यांतले बरेच जण बुऱ्हाणकडे आले.

बातमीचा दुसरा मोठा ओघ होता परागंदा माणसांचा. १५८९ मध्ये अहमदनगरला परदेशी मुसलमानांची, म्हणजे इराण-तुराणातून आलेल्यांची, कत्तल झाली. जे वाचले ते विजापूरला पळाले. घर गेलेला, सूड डोक्यात असलेला आणि जुन्या दरबाराचा कानाकोपरा माहीत असलेला माणूस मिळाला, की वेगळा जासूद नेमायची गरज कुठे उरते? अर्थात अशा माणसाची बातमी रागाने रंगलेली असते, हे ऐकणाऱ्याला उमजलं पाहिजे. विजापूरला गेलेल्यांत मुहम्मद कासीम नावाचा एक तरुण अधिकारी होता. पुढं फिरिश्ता या नावाने तो दख्खनचा सर्वांत प्रसिद्ध इतिहासकार झाला. जमाल खानाशी झालेल्या लढाईत तो विजापूरच्या बाजूने होता, जखमी झाला, पकडला गेला आणि निसटला. त्याचा इतिहास वाचताना ही जखम विसरून चालत नाही.

कट असा होता: दक्षिणेकडून विजापूरने आणि उत्तरेकडून बुऱ्हाण व राजे अली खानाने एकाच वेळी चालून जायचं. जमाल खान कच्चा गडी नव्हता. आधी तो दक्षिणेला वळला आणि विजापूरचा हबशी कारभारी दिलावर खान याच्या फौजेला त्याने उधळून लावलं. शेकडो हत्ती त्याच्या हाती लागले. मग तोच वेग ठेवून तो वऱ्हाडाकडे निघाला. दोन शत्रूंना एकत्र येऊ द्यायचं नाही, एकेकाला गाठायचं, हा डाव उत्तम होता. पण विजापूरचे बारगी स्वार त्याच्या पिछाडीला लागले, रसद तोडू लागले. वाटेत माणसं गळू लागली. जिंकून आलेली फौज घाटापर्यंत पोचेतो दमलेली आणि संशयाने पोखरलेली होती.

आणि मग पाण्याचा प्रश्न आला.

वैशाखातला घाट ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. सागाची पानं गळून डोंगर उघडा पडलेला असतो, नाले कोरडे, दगड तापलेला. त्यात हजारो माणसं, घोडे, बैल आणि हत्ती. हत्तींचा ताफा ही जमाल खानाची विजापूरवरची कमाई होती, पण उन्हाळ्यात हत्ती म्हणजे चालती तहान. समोरच्या फौजेने आधी येऊन पाणवठे धरून ठेवले होते. तहानलेल्या फौजेने पाणी शोधण्यात वेळ घालवला. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी लढावं इतकीही उसंत राहिली नाही, आणि जमाल खानाने तशीच चढाई केली. ती जवळजवळ यशस्वी होत आली होती असं म्हणतात. मग बंदुकीची एक गोळी त्याला लागली आणि तो पडला. सेनापती पडला की फौज फुटते, ही त्या काळची रीतच होती. इस्माईल पकडला गेला. बाप तख्तावर बसला आणि दुसरा बुऱ्हाण निजामशहा झाला.

इथं थोडं थांबावंसं वाटतं. लाहोर, विजापूर, बऱ्हाणपूर आणि अहमदनगर या चार दरबारांत दोन-तीन वर्षं पत्रांचा पाऊस पडला. पण लढाईच्या दिवशी सर्वांत मोलाची ठरलेली माहिती एकाही दरबारात नव्हती. मेच्या पहिल्या आठवड्यात कुठल्या झिऱ्याला पाणी असतं, कुठली विहीर उपसली की पुन्हा भरते, हे घाटाखालच्या गुराख्याला, गावच्या महाराला, वाटाड्याला माहीत होतं. ज्या बाजूचे लोक आधी आले, ज्यांच्याकडे वऱ्हाडचेच सरदार होते, त्यांना ते सांगणारं कुणीतरी भेटलं असणार. त्याचं नाव कुठल्याही तवारिखेत येत नाही. तवारिखा लिहिणाऱ्यांना त्याची गरजही वाटली नाही. हेरगिरीचा इतिहास लिहिताना आपण वेषांतर, सांकेतिक लिपी आणि विषाच्या कुप्यांमागे फार धावतो. पाणवठा दाखवणाऱ्या माणसाला त्यात कुठे तरी जागा असावी, एवढं माझं म्हणणं आहे.

या लढाईबद्दल आपल्याला जे कळतं ते मुख्यतः तीन फारसी लेखण्यांतून. एक फिरिश्ता, विजापूरचा चाकर. दुसरा सय्यद अली तबातबा. त्याने ‘बुऱ्हान-ए-मआसिर’ लिहिला तो खुद्द बुऱ्हाणच्या पदरी राहून, म्हणजे जिंकलेल्याचं मीठ खाऊन. तिसरा अबुल फझल, अकबराचा सचिव. त्याच्या लेखी दख्खनमधलं कुठलंही यश शेवटी बादशहाच्याच पुण्याईचं. तिघांपैकी एकाच्याही मनात महदव्यांबद्दल माया नाही. त्यामुळे जमाल खान आपल्यापर्यंत येतो तो त्याच्या शत्रूंच्या शब्दांत. तरीही त्याची धडाडी या तिघांच्या मजकुरातून झाकली जात नाही.

लढाईनंतर तीन-चार महिन्यांत, १५९१ च्या ऑगस्टात, अकबराने दख्खनला चार वकील रवाना केले. विजापूर आणि गोवळकोंड्याला एकेक, अहमदनगरला एक, आणि खानदेश व अहमदनगर अशी दुहेरी कामगिरी घेऊन चौथा: शेख अबुल फैज, टोपणनाव फैजी. अबुल फझलचा थोरला भाऊ, दरबाराचा कविराज. या काळात अकबराचा मुक्काम लाहोरला होता, कारण त्याची खरी काळजी वायव्येला होती. उझबेकांच्या अब्दुल्ला खानाने १५८८ मध्ये हेरात घेतलं होतं, पुढच्या वर्षी मशहद. इराणचा शाह अब्बास कोवळा होता आणि पश्चिमेला तुर्कांशी तह करून कसाबसा श्वास घेत होता. कंदाहार कुणाच्या हाती जाणार हे ठरायचं होतं. अशा वेळी कवीला दक्षिणेला का धाडलं, हा प्रश्न पडतो. उत्तर फैजीच्या पत्रांतच आहे. त्याने लाहोरला पाठवलेल्या अर्जदास्ती आज उपलब्ध आहेत आणि त्या वाचल्या की कळतं, की दख्खन हीच इराणकडे उघडणारी खिडकी होती. होर्मुझहून चौलच्या बंदरात घोडे येत, व्यापारी येत, नशीब काढायला निघालेले शायर आणि हकीम येत. खुरासानातलं युद्ध कसं चाललंय, शाह अब्बासने कुठल्या सरदाराला उडवलं, हे कळायला काबूलच्या वाटेवर डोळे लावून बसायची गरज नव्हती. अहमदनगरला बसूनही ते कळत होतं. परमुलखातल्या युद्धाची बातमी आणखी एका परमुलखातून मिळवायची, हा उद्योग चारशे वर्षांपूर्वी आपल्या कोकणच्या एका बंदराच्या आधाराने चालला होता.

फैजीची पत्रं बातमीपत्रासारखी कोरडी नाहीत. वाटेतली गावं, हवापाणी, फळं, अहमदनगरची माणसं, तिथले शायर, सगळं त्यांत येतं. मलिक कुम्मी आणि जुहूरी या तिथल्या दोन कवींची तो बादशहाकडे मनापासून वाखाणणी करतो. पण डोळा वकिलाचा आहे. बऱ्हाणपूरला राजे अली खानाची भेट झाली तिचं वर्णन बघा. तंबू उभारले, तख्त मांडलं, त्यावर बादशाही तलवार, खिलत आणि फर्मान ठेवलं. बादशहा शेकडो कोस दूर, पण मुजरा त्या रिकाम्या तख्ताला. राजे अली खान अदबीने आला, फर्मान डोक्याला लावलं, खिलत घेतली, तलवार घेतली आणि दर वेळी तस्लीम, म्हणजे वाकून सलाम, केली. या तस्लिमी फैजीने मोजल्या आणि लाहोरला कळवल्या: पंचवीस. पुढचं त्याहून मजेदार. बादशहासाठी हजार सिजदे करायलाही आपण तयार आहोत, असं सुलतान म्हणाला, तर फैजीने सांगितलं की बादशहाला असलं खपत नाही, सिजदा फक्त देवापुढे. असलं खपत नसेल तर तस्लिमी मोजायच्या कशाला, हे मात्र त्याला विचारायला तिथं कुणी नव्हतं. कमरेतून वाकण्याची संख्या हीच निष्ठेची मोजपट्टी मानण्याचा मोह मोठमोठ्या वकिलांना झालेला आहे, आणि पुढं काय झालं ते बघता तो महागात पडला.

अहमदनगरला फैजीच्या हाती फारसं लागलं नाही. ज्या बुऱ्हाणने अकबराचं अन्न खाल्लं, त्याच्या पत्राच्या जोरावर तख्त मिळवलं, त्याने गादीवर बसताच मोगलांपासून अंग काढून घेतलं. मनासारखी पेशकश दिली नाही, मांडलिकी मान्य केली नाही. विजापूरने त्याला मदत केली होती, त्या विजापूरशीही वर्षभरात त्याचं बिनसलं. पुढं कोर्लईच्या किल्ल्यापायी पोर्तुगिजांशी झुंजून त्याने १५९४ मध्ये मोठा मार खाल्ला. १५९५ मध्ये तो वारला. मोगल फौज नको म्हणणारा बुऱ्हाण आणि मोगलांची मांडलिकी नको म्हणणारा बुऱ्हाण ही दोन वेगळी माणसं नव्हती. पहिल्याचं बोलणं लाहोरला शहाणपणाचं वाटलं. दुसरा त्याच बोलण्यात दडलेला होता, तो मात्र कुणाला दिसला नाही.

फैजी १५९३ मध्ये परतला. पुढच्या वर्षी त्याने अकबराच्या सांगण्यावरून नल-दमयंतीच्या कथेवर फारसी काव्य रचलं, ‘नल-दमन’. विदर्भाच्या राजकन्येची गोष्ट दख्खनहून नुकत्याच परतलेल्या वकिलाने फारसीत सांगावी हा योगायोग असेल, पण वऱ्हाडी माणसाला तो सुखावतो. १५९५ मध्ये लाहोरलाच फैजी गेला.

बोलणी संपली आणि मोगल फौजा आल्या. चांदबिबीने अहमदनगर लढवलं, पण १५९६ च्या तहात वऱ्हाड मोगलांना गेलं. आता माहिती गोळा करण्याची रीत बदलली. कोण कुणाला फितूर आहे यापेक्षा कुठल्या परगण्याचा वसूल किती, हे महत्त्वाचं झालं. ‘आईन-ए-अकबरी’त सुभा वऱ्हाड आला, त्यात सरकार मेहकर आलं, आणि मेहकरच्या ओघात लोणार आलं. लोणारला ब्राह्मण विष्णुगया म्हणतात, तिथल्या तळ्याचं पाणी खारं आहे, त्यातून काच आणि साबणाला लागणारा खार निघतो आणि त्याचं चांगलं उत्पन्न येतं, अशी नोंद अबुल फझलने करून ठेवली. थोरल्या भावाने तस्लिमी मोजल्या, धाकट्याने खार मोजला. यांपैकी कुणाची माहिती राज्याला अधिक उपयोगी पडली याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

राहता राहिला राजे अली खान. रोहिणखेडच्या विजयाचा तोच खरा धनी, कारण फौज त्याची, पाणवठे धरणारी माणसं त्याची आणि दोन्ही बाजूंच्या बातम्याही त्याच्याकडेच. पुढं त्याने मोगलांची बाजू धरली. १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठच्या बाजूला खान-ए-खानान अब्दुर रहीम आणि विजापूरचा सुहेल खान यांची लढाई झाली. राजे अली खान मोगलांकडून लढला आणि पहिल्याच दिवशी मारला गेला. रात्रीच्या गोंधळात तो कुठे दिसेना, तेव्हा मोगलांनी तर्क केला की हा नेहमीप्रमाणे पलीकडे गेला असणार, आणि त्याचीच छावणी लुटली. प्रेत नंतर सापडलं, रणांगणावरच. त्याच्यामागून गादीवर आलेल्या त्याच्या मुलाने, बहादूर खानाने, मोगलांवर पुन्हा विश्वास टाकला नाही. तो असीरगडावर जाऊन बसला, आणि तो किल्ला घ्यायला अकबराला जातीने यावं लागलं. १६०१ च्या जानेवारीत असीरगड पडला आणि खानदेशचं राज्य संपलं.